चार कागदांची एक वहिनी

तेजस्वी चौगुलेनं स्वतः बनवलेल्या यंत्रानं तिच्याच वहिनीला सगळ्यांसमोर खोटं पाडलं, आणि तेही अगदी झगझगीत लाल अक्षरांत.

शनिवारची अर्धी शाळा सुटली होती. संगणकाच्या खोलीत तीन जुने लॅपटॉप एका ओळीत मांडलेले. दहावीतली तेजस्वी मधल्या लॅपटॉपसमोर, तिचा जोडीदार भावकू शेजारी, आणि मागं हाताची घडी घालून नागेंद्र सर. गेल्या वर्षीपर्यंत ही पोरगी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची ते सुद्धा पहिल्या बाकालाच ऐकू जायचं. यंदा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दोघांचं मॉडेल पहिलं आलं आणि तिचा आवाज जो मोकळा झाला, तो घरात, गल्लीत, प्रार्थनेच्या रांगेत कुठंच मावेना. निपाणीच्या पोरींसारखी 'मी येतो, मी जातो' असं ठसक्यात बोलायची आणि कुणी हसलंच तर आणखी मोठ्यानं बोलायची.

मॉडेल होतं प्रमाणपत्रांचं. माणसानं शिकून, राबून कमावलेलं प्रमाणपत्र मोबाईलमध्ये घेऊन कुठल्याही गावाला जावं आणि समोरच्यानं ते जागच्या जागी तपासून घ्यावं. कागद दिला की यंत्र त्याचा आकड्या-अक्षरांचा एक लांबलचक ठसा बनवी. कागदावरचं एक अक्षर हललं तरी ठसा पार बदले. तो ठसा साखळीची एक कडी होऊन तिन्ही लॅपटॉपवर एकदमच बसे. एकावर कुणी खाडाखोड केलीच, तर बाकीचे दोन बोंब मारत. ब्लॉकचेन म्हणजे काय, असं कुणी विचारलं की तेजस्वी म्हणायची, "एकाचं तोंड दाबता येतंय वो, तिघांचं न्हाय येत." सगळ्या कागदांवरची व्यक्ती एकच आहे का, हे नाव ताडून बघायचं कामही तिनं यंत्रालाच दिलेलं. त्याचाच तिला जास्त अभिमान.

वहिनी त्या दिवशी खरे कागद घेऊन आली होती. तिलाही गरजच होती. वहिनी नर्स. बेळगावात शिकलेली, तिथंच अतिदक्षता विभागात काम केलेली. लग्न करून निपाणीत आली आणि चिक्कोडीच्या एका छोट्या दवाखान्यात लागली. तिथं तिला पेशंटजवळ कुणी जाऊच देईना, खिडकीत बसून केसपेपर फाडायचे एवढंच काम. आता कोल्हापुरातल्या एका मोठ्या हृदयाच्या हॉस्पिटलनं तिला मुलाखतीत पसंत केलं होतं. पण कागद तपासणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं शेरा मारला: 'ओळख जुळत नाही.' येत्या शनिवारपर्यंत जुळवून दाखवा, नाहीतर जागा दुसरीला.

"आण वहिनी, मी जुळवून दाखवतो," तेजस्वी म्हणाली होती.

तिनं चारही कागद यंत्राला दिले. यंत्र थोडा वेळ गरगरलं आणि पडदा लाल झाला. 'चार वेगळ्या व्यक्ती.'

"आयला," भावकू म्हणाला, "तुमच्या घरात चार वहिन्या हाईत?"

"गप रं!"

पण यंत्राचं काय चुकलं होतं? दहावीच्या मार्क्सकार्डावर सुगंधा मष्णू घाडी, राहणार नंदगड. नर्सिंगच्या डिप्लोमावर कानडी पद्धतीनं आद्याक्षरं मागं लावून सुगंधा एम. जी. आधारकार्डावर लग्नानंतरची प्रियदर्शनी महादेव चौगुले, आणि निपाणीच्या इंग्रजी स्पेलिंगात एकच 'पी'. चिक्कोडीच्या अनुभवपत्रावर प्रियदर्शिनी, 'श'ला वेलांटी, आणि निपाणीत दोन 'पी'. वहिनीनं मागच्या महिन्यात वकिलाकडं जाऊन या सगळ्या एकच असल्याचं प्रतिज्ञापत्रही करून आणलं होतं. त्यात टायपिस्टनं 'सुगंधी' असं मारलेलं. म्हणजे चौघींना एक करायला गेली आणि पाचवी जन्माला घालून आली.

वहिनी लाल पडद्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्या कंपनीनं एवढे दिवस लावले गं. तुझं यंत्र लई फास्ट हाय."

ती हसत म्हणाली खरं, पण कागद गोळा करताना तिचं बोट डिप्लोमाच्या कडेवरून दोनदा फिरलं. तेजस्वीला एकदम लाज वाटली. मग लाजेचा राग आला.

नागेंद्र सरांनी खाकरून घसा साफ केला. "तेजस्वी, पुढच्या शनिवारी बेळगावला जिल्ह्याचं प्रदर्शन आहे, हौदल्ला, हो ना? तिथं हे कागद नको. विद्यार्थी एक, विद्यार्थी दोन अशी नावं घाल. परीक्षकांना हिरवं दिसायला पाहिजे."

"सर, जे आधीच जुळतंय ते जुळवून दाखवायला यंत्र कशाला लागतंय?"

"हे बघ, मॉडेल म्हणजे मॉडेल."

"मग माझ्या वहिनीनं काय करायचं?"

सरांनी खोलीची किल्ली खिशातून काढली, एवढंच.

*

संध्याकाळी घरी तोच विषय. दादा, म्हणजे तेजस्वीचा थोरला भाऊ महादेव, चौकशी करून आला होता. "एकच रस्ता हाय. राजपत्रात जाहीर करायचं. जुनं नाव रद्द समजावं, यापुढं प्रियदर्शनी या नावानंच ओळखावं. मग सगळे कागद त्या नावानं नवीन मागायचे. जरा वेळ लागंल, ही नोकरी जाईल, पण पुढं कटकट न्हाय."

"तेच करा," आई म्हणाली. आई, जयाबाई, सोप्यात परात मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. "ह्या घरात आल्यापासनं ती प्रियाच हाय. ते जुनं कशाला उगंच वागवायचं?"

वहिनी भाकरी थापत होती. थापायची थांबली आणि सासूकडं वळली.

"आत्या, एक विचारू?"

"इचार की."

"आयसीयूत रात्र-रात्र उभी राहून शिकली ती सुगंधा. पेशंटचा श्वास अडकला तेव्हा डॉक्टर यायच्या आधी नळी साफ केली ती सुगंधा. प्रियदर्शनीनं काय केलं? चिक्कोडीत बसून केसपेपर फाडले." तिचा आवाज चढला नव्हता, पण तव्याखालची आच तिनं कमी केली, नीट ऐकू जावं म्हणून. "सुगंधाला रद्द केल्यावर नोकरी कुणाला देणार वो? मी माझ्या हातानं ते लिहून देणार न्हाय. केसपेपर फाडीन जन्मभर."

घरात असं कुणी आईशी बोललेलं तेजस्वीनं ऐकलं नव्हतं. तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण आईचं तोंड बघून हात मांडीखाली घातले.

"नाव काय मी एकटीनं बदललं?" आई म्हणाली. "रीत हाय ती. परातीत तांदूळ घातले, म्हादूनं अंगठीनं नाव लिहिलं, सगळ्यांनी साखर खाल्ली. तूबी खाल्लीस." आणि तिनं रागानं परातीतल्या तांदळावरून तळहात फिरवला. खडे, दाणे, बोटांच्या रेघा, सगळं सपाट.

तेजस्वी त्या सपाट तांदळाकडं बघत राहिली.

लग्नात अगदी असंच झालं होतं. ती तेव्हा नऊ वर्षांची, परकर सांभाळत पुढं घुसलेली. दादाचं अक्षर पहिल्यांदा चुकलं, तेव्हा आईनं असाच हात फिरवला आणि म्हणाली, लिही परत. तांदळाचं तेच बरं असतं. हात फिरवला की आधीचं गेलं. राजपत्रवालेही तेच मागत होते. कंपनीही तेच मागत होती. आणि तिनं, तेजस्वी चौगुलेनं, तिन्ही लॅपटॉपवर कधीच पुसली न जाणारी साखळी बांधली, आणि तिच्याकडनं काम मात्र परातीचं करून घेतलं! एकच नाव ठेव, बाकीची खोटी!

"मी गाढव हाय!" ती ओरडली.

"हे बघा," आई दादाला म्हणाली, "हिला काय झालं आता?"

"आई, साखळीत पुसायचं नसतंच. पुढं जोडायचं असतंय! सुगंधा ही एक कडी. तिच्या पुढं प्रियदर्शनी ही दुसरी कडी. मधे एक कडी, की अमक्या दिवशी नाव बदललं, हे बघणारे साक्षीदार. कडी जोडली की झालं. कुणालाच रद्द करायचं न्हाय!"

वहिनीनं पीठभरल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले. "आणि दोन 'पी'?"

"त्याची बी कडी! सगळ्याची कडी!"

*

त्या आठवड्यात तेजस्वीनं अभ्यास केला नाही, हे इथं लिहून ठेवायला हरकत नाही. घटक चाचणीच्या पेपरावर ते तसंही लिहून आलं. तिनं आणि भावकूनं नाव ताडायचा सगळा भाग उपटून टाकला. नव्या यंत्रात प्रत्येक कडीला देणाऱ्याची सही लागे. सही म्हणजे गुप्त किल्ली. ज्याची त्याच्या मोबाईलमध्ये, दुसऱ्या कुणाला वापरता न येणारी. नाव बदलल्याच्या कडीला मात्र दोन साक्षीदार, लग्नात हजर असलेले आणि तेव्हा वयानं सज्ञान असलेले. हा शेवटचा नियम तेजस्वीनं मोठ्या ऐटीत स्वतःच घातला आणि मग तिच्या लक्षात आलं की त्यानं ती स्वतःच बाद झाली.

"नियम बदल की," भावकू म्हणाला.

"न्हाय. मी तेव्हा साखरेसाठी उभी होतो. मी कसली साक्षीदार?"

"तुझं बरं हाय. माझं नाव तर आज्ज्याचं घेऊन ठेवलंय. दोन भावकू एकाच घरात. माझी कडी कुठं लावायची?"

"तुला वेगळा लॅपटॉप लागंल."

वहिनीला नर्सिंग शिकवणाऱ्या मालुबाई सिस्टर बेळगावात अनगोळला राहायच्या. वहिनी नि तेजस्वी बसनं गेल्या. बसमध्ये कंडक्टरनं बायकांचं फुकट तिकीट फाडायला आधार बघितलं, तिथं वहिनी प्रियदर्शनी, अनगोळात दार उघडताच म्हाताऱ्या सिस्टर ओरडल्या, "अगं सुगंधे!" एकाच प्रवासात वहिनीचं नाव आपोआप बदललं, कुणी तांदूळसुद्धा आणले नव्हते. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न असे विचारले की तेजस्वीला जीभ चावावी लागली, आणि मगच आपल्या किल्लीनं डिप्लोमाच्या कडीवर सही केली. चिक्कोडीच्या डॉक्टरांनी कुरकुरत का होईना, केली. नंदगडच्या शाळेनं मार्क्सकार्डाची केली. नाव बदलल्याच्या कडीवर दादानं रात्री जेवण झाल्याबरोबर सही टाकली.

उरली आई.

"मला त्यातलं काय कळत न्हाय," आई म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी, "मोबाईल चार्ज न्हाय." आणि तिसऱ्या दिवशी खरं बोलली. "माझ्या हातनं मी त्या नावाला परत घरात घेऊ? लोक काय म्हणतील, सासूनं ठेवलेलं नाव सुनेनं फिरवलं."

"फिरवलं न्हाय गं, जोडलं."

"तू गप. तुझ्या साखळीत तुझ्या आईचं काय, ते बी लिहून ठेव कुठंतरी."

शुक्रवारी संध्याकाळी नागेंद्र सर वैतागले. कोल्हापूरला हॉस्पिटलमध्ये जायचं तेही शनिवारी, आणि बेळगावचं प्रदर्शनही शनिवारीच. निपाणीतून एक उत्तरेला, एक दक्षिणेला. "तेजस्वी, वेडी झालीस? शाळेचा प्रश्न आहे. मॉडेलजवळ विद्यार्थी पाहिजे."

"भावकू हाय की विद्यार्थी. एक लॅपटॉप तो बेळगावला नेईल. एक मी कोल्हापूरला. एक आमच्या घरात आईजवळ चालू राहील. सर, आपलं मॉडेल कुठंही नेता येतंय म्हणून आपण पाटीवर लिहिलंय. मग तिन्ही लॅपटॉप एकाच टेबलावर ठेवून काय दाखवणार? टेबल?"

"आणि तिथं लाल आलं तर?"

"तर लाल दाखवू, सर. खरं असंल ते दाखवू. विद्यार्थी एक, विद्यार्थी दोन मी लिहिणार न्हाय."

सर कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले, बहुतेक देवाचं नाव असावं. "सरि, ठीक आहे. पण चार्जर विसरू नको."

*

शनिवारी स्टँडवर भावकू एका बसमध्ये चढला आणि तेजस्वी नि वहिनी दुसऱ्या. कोगनोळीचा नाका मागं पडला, दुकानांच्या पाट्यांवरची कानडी संपली, बाकी शेतं तीच आणि धूळही तीच. वहिनी खिडकीतून बघत होती. नाव बदलल्याच्या कडीसमोर तिच्या मोबाईलवर पिवळी पट्टी होती: 'एक साक्ष बाकी.'

हॉस्पिटलच्या मेट्रन मॅडम, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, कामात होत्या. त्यांनी दोघींना समोर बसवलं आणि कंपनीचा शेरा पुढं सरकवला.

"हे बघा, मुलाखतीत तुम्ही उत्तम होता. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा तुमचा अर्जही रीतसर चाललाय. पण माझ्या वॉर्डात उद्या काही झालं आणि नर्स कोण होती असं विचारलं, तर मी चार नावं सांगू? तुमचं खरं नाव कुठलं, ते एक ठरवून या."

वहिनीचा चेहरा उतरला. तेजस्वी मात्र मॅडमच्या मागच्या भिंतीकडं बघत होती. तिथं चौकटीत त्यांचं पदवीचं प्रमाणपत्र लावलेलं. दारावरची पाटी ती आत येतानाच वाचून आली होती.

"मॅडम, ह्या शकुंतला कोण?"

"काय?"

"भिंतीवर शकुंतला हाईत. दारावर वैजयंती. खऱ्या कुठल्या?"

"तेजू!" वहिनीनं टेबलाखालून तिचा पाय दाबला.

मेट्रन मॅडम मागं वळून बघत राहिल्या, जणू ती चौकट त्यांनी बऱ्याच वर्षांत वाचली नव्हती. "नाक लई वर आहे गं तुझं," त्या म्हणाल्या. मग खुर्ची पुढं ओढली. "आमच्यात लग्नात ताटातल्या तांदळात लिहितात नवं नाव. दाखव काय आणलंयस."

तेजस्वीनं लॅपटॉप उघडला. मॅडमनी आपल्या मोबाईलनं वहिनीच्या पडद्यावरची चौकोनी नक्षी टिपली. कड्या एकेक करून उमटत गेल्या. नंदगडची सुगंधा, हिरवी. आद्याक्षरांची सुगंधा, हिरवी, खाली मालुबाई सिस्टरची सही. मॅडम थांबल्या. "ह्या मालुबाई? मला ओळखतात ह्या. एका शिबिरात माझं बँडेज सगळ्यांसमोर सोडवून परत बांधायला लावलं होतं." मग पुढची कडी आली आणि पिवळी होऊन तिथंच थांबली. तिच्या पुढच्या प्रियदर्शनी सगळ्या अंधारात.

"हे काय?"

"दोन साक्षी लागतात. एकच हाय," तेजस्वी म्हणाली. बाकी सगळं ती मोठ्यानं बोलत होती, हे बारीक आवाजात बोलली.

"मग एकीवर चालव. तुझंच यंत्र ना?"

"न्हाय चालत मॅडम. चाललं तर मग ते काय कामाचं?"

वहिनीनं मोबाईल घेतला. तेजस्वीला वाटलं ती बंद करतेय. तिनं घरी फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"आत्या, मी बोलतेय."

"कळतंय. मगाधरनं ह्या डब्याम्होरं बसलीया. पिवळं दिसालंय."

"तुम्ही ठेवलेलं नाव मी टाकत न्हाय आत्या. त्याच नावानं मी तुमच्या घरात राहते, त्याच नावानं तुमच्या लेकाशी भांडते. पण तुम्ही परात धरलीत तेव्हा समोर कोण बसलं होतं, एवढं तुम्ही सांगा. हवेतनं तर कुणी आलं नव्हतं ना?"

पलीकडं पंख्याचा आवाज. मेट्रन मॅडमनी एक फोन वाजत होता तो उचलला नाही.

"सुगंधा बसलीती," आई म्हणाली. घरात इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. "हिरवं पातळ नेसून. भेदरून बसलीती, ससा बसतोय तशी. मीच परात धरलीती, मी न्हाय म्हणू कशी? तेजे, कुठं दाबायचं गं हे? अंगठा लावू?"

"लाव आई! लाव!"

"वराडू नकोस, कानठळ्या बसल्या."

पिवळी पट्टी हलली. हिरवी झाली आणि तिच्या मागोमाग पुढच्या सगळ्या: प्रियदर्शनी, प्रियदर्शिनी, एक 'पी', दोन 'पी'. ओळीनं, एकीचा हात दुसरीच्या हातात दिल्यासारख्या. त्याच क्षणी तेजस्वीचा मोबाईल थरथरला. बेळगावातून भावकूचा आवाज, मागं गर्दीचा कलकलाट. "तेज्ये! हितं बी हिरवं झालं गं! परीक्षक इचारालेत, हे खरं हाय का आधी भरून ठेवलेलं!"

"सांग त्यांना, माझ्या आईनं आत्ता अंगठा लावलाय! पटत नसंल तर निपाणीला येऊन इचारा म्हणावं!"

मेट्रन मॅडमनी चष्मा काढून पुसला. "माझी कंपनी हे मानणार नाही, हे तुलाही माहीत आहे."

"माहीत हाय."

"पण मालुबाईंना मी आत्ताच्या आत्ता फोन लावू शकते. आणि चिक्कोडीच्या डॉक्टरांना." त्यांनी लावला. बराच वेळ ऐकून घेतलं, एकदा हसल्या, बहुतेक बँडेजच्या आठवणीनं. मग शेऱ्याच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'साक्षीदारांशी बोलून मी स्वतः खात्री केली आहे.' खाली सही. सही करताना त्यांचं पेन जरासं थबकलं, आणि त्यांनी दोन्ही नावं लिहिली.

"सोमवारी या. नोंदणीचं पत्र हातात येईपर्यंत नुसतं काम बघायला राहाल, माझ्या नजरेखाली. आलं की पेशंट तुमचा. बॅजवर काय घालू?"

वहिनीनं तेजस्वीकडं बघितलं. फोन अजून चालूच होता; आई पलीकडं कान देऊन बसली असणार, हे दोघींनाही माहीत होतं.

"मोठ्या अक्षरात सुगंधा," वहिनी म्हणाली. "खाली प्रियदर्शनी. बॅजवाला जागा पुरत न्हाय म्हणाला तर त्याला सांगा, बॅज मोठा कर."

"आणि निपाणी एक 'पी'नं लिहू का दोननं?" मॅडमनी विचारलं.

"कसंबी लिवा," टेबलावरून आईच सांगून मोकळी झाली. "पोरगी आमचीच हाय."